डागाला जागा

२०१६ साली सॅन फ्रान्सिस्कोमधल्या ‘जुसेरो’ नावाच्या कंपनीने घरी रस काढण्याचं एक यंत्र बाजारात आणलं. किंमत ६९९ डॉलर. फळं आणि भाज्या चिरून भरलेली पिशवी कंपनीच घरी पाठवणार. ती यंत्रात अडकवायची, बटण दाबायचं, की आतल्या दोन जाड पत्र्यांमध्ये पिशवी दाबली जाई आणि खालच्या ग्लासात रस उतरे. यंत्र वाय-फायला जोडलेलं होतं आणि पिशवीवरचा कोड वाचून ती शिळी झालेली नाही याची खात्री करून घेत असे. एका पिशवीला पाच ते आठ डॉलर पडत. या कल्पनेवर गुंतवणूकदारांनी सुमारे १२ कोटी डॉलर लावले होते. जानेवारी २०१७मध्ये यंत्राची किंमत ३९९ डॉलरवर आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘ब्लूमबर्ग’च्या बातमीदारांनी ती पिशवी हातात घेतली आणि नुसती पिळून पाहिली. दीड मिनिटात जवळजवळ तेवढाच रस निघाला. यंत्राला दोन मिनिटं लागत. कंपनीने ग्राहकांना पैसे परत देऊ केले, आणि १ सप्टेंबर २०१७ रोजी विक्री बंद झाल्याचं जाहीर केलं.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण हसतात. मला मात्र तिच्यातली दुसरीच बाब महत्त्वाची वाटते. ते यंत्र निकृष्ट नव्हतं. ज्या अभियंत्यांनी ते खोलून पाहिलं, त्यांनी आतल्या कारागिरीचं कौतुकच केलं. सांगितलेलं काम ते चोख करत होतं. तरीही बातमी वाचल्यावर ज्यांच्या ओट्यावर ते उभं होतं, त्यांच्या पोटात गोळा आला असणार. वस्तूत खोट नसताना येणारा हा पश्चात्ताप आहे, आणि या प्रकरणाचा विषय तोच आहे.

खोटी वस्तू गळ्यात पडली तर माणूस चिडतो, आणि त्या चिडीला जायला वाट असते. पावती असते, दुकानदार असतो, कायदा असतो. आपल्याकडच्या २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. पण ज्या मिक्सरच्या भांड्याला तडा नाही, मोटर गरम होत नाही, वाटण मऊसूत निघतं, आणि तरीही ‘एवढे पैसे कशाला घातले’ असं रोज सकाळी वाटतं, त्याची तक्रार कुणाकडे करायची? तिथे नुसती चुटपुट उरते. ती मनातच राहते, बहुधा घरच्यांपासूनही लपवली जाते.

आणि ही चुटपुट रोजच्या वापराच्या वस्तूंबाबत अधिक टोचते. लग्नातला शालू महाग असला तर त्याची किंमत त्या दिवसाच्या थाटाचा भाग असते. तो वर्षातून एकदा बाहेर निघतो, हात फिरवला जातो, परत मलमलीत गुंडाळला जातो. कढई, टॉवेल, उशी, पाण्याची बाटली, स्वयंपाकघरातली सुरी यांचं तसं नाही. त्या दिवसातून दहा वेळा हाताखालून जातात. त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नसते, आणि नसावीच. रोजच्या वस्तूचा सगळ्यात मोठा गुण हा की तिला जपावं लागत नाही. ती आपटते, डागाळते, करपते, आणि आपण पुढच्या कामाला लागतो. वस्तू आपल्या ऐपतीच्या पलीकडची असली की नेमका हाच गुण जातो. उरलेले सगळे गुण, म्हणजे धार, चकाकी, वजन, टिकाऊपणा, तसेच राहतात, पण हात मोकळेपणाने पुढे होत नाही. खरा तोटा इथे होतो, आणि तो पावतीवर कुठेच दिसत नाही.

हे अडीचशे वर्षांपूर्वी एका माणसाने इतकं स्वच्छ ओळखलं होतं की त्याच्याकडे जरा सवडीने बघायला हवं.

दनी दिदरो हा फ्रेंच लेखक. जन्म १७१३चा, लांग्र गावचा. वडील चाकू-कात्र्या घडवणारे उस्ताद कारागीर. दिदरोच्या आयुष्याचं मोठं काम म्हणजे त्याच्या देखरेखीखाली १७५१ ते १७७२ या काळात प्रसिद्ध झालेला विश्वकोश. मजकुराचे सतरा आणि चित्रांचे अकरा खंड. या कोशाचं वेगळेपण असं की त्यात तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्राच्या जोडीला सुतार, लोहार, विणकर, काचकाम करणारे यांच्या कामाला मानाची जागा होती. कोणतं हत्यार कसं धरायचं, करवतीचे दाते कसे असतात, चिमटा कुठे लागतो, हे पानापानांवर चितारलेलं होतं. थोडक्यात, वस्तूची किंमत तिच्या कामावरून ओळखायला शिकलेला हा माणूस होता, आणि ते शिक्षण त्याला बापाच्या भट्टीजवळ मिळालं होतं.

इतकं करूनही घरात पैसा बेताचाच. मुलीच्या हुंड्याची तजवीज करण्यासाठी त्याने आपला ग्रंथसंग्रह विकायला काढला. १७६५ साली रशियाची सम्राज्ञी कॅथरिन हिने तो १५,००० लिव्हरना (लिव्हर हे तेव्हाचं फ्रेंच चलन) विकत घेतला, दिदरो जिवंत असेपर्यंत पुस्तकं त्याच्याचकडे राहू दिली, आणि त्यालाच त्या संग्रहाचा ग्रंथपाल नेमून वर्षाला १,००० लिव्हर पगार बांधून दिला. पुढे पॅरिसमधल्या त्याच्या खोलीचा कायापालट झाला. त्यामागे मादाम जोफ्रँ या धनिक विदुषीचा हात होता असं सांगतात. तिच्या दिवाणखान्यात त्या काळचे लेखक-चित्रकार जमत. याच सुमाराला दिदरोच्या अंगावर एक नवा, उंची, लालभडक घरगुती झगा आला.

घरगुती झगा ही तेव्हाची अगदी रोजची चीज. थंडीच्या देशात, शेकोटीच्या भरवशावर असलेल्या खोलीत लिहीत बसणाऱ्या माणसाचा तो गणवेशच म्हणायचा. दिदरोने या नव्या झग्यावर १७६९च्या सुमाराला एक छोटा निबंध लिहिला. शीर्षकात जुन्या झग्याबद्दलची खंत आहे, आणि जोडीला ऐपतीपेक्षा अभिरुची मोठी असणाऱ्यांना दिलेला इशाराही.

निबंधातला जुना झगा डोळ्यांसमोर उभा राहतो. जाड लोकरी कापडाचा, अंगाला सरावलेला. पुस्तकावर धूळ दिसली की दिदरो त्याचाच सोगा फिरवी. दौतीतली शाई घट्ट होऊन टाकातून उतरेनाशी झाली की टाक त्याच झग्याच्या कडेला पुसला जाई. अशा पुसण्याचे लांब काळे पट्टे कापडावर उमटलेले होते. त्या पट्ट्यांवरून हा लिहिणारा माणूस आहे हे येणाऱ्याला कळे. विस्तवाची ठिणगी उडाली, पाणी सांडलं, नोकराच्या हातून काही निसटलं, तरी चिंता नव्हती. नवा झगा ताठ आहे. त्यात तो स्वतःला कपडे अडकवलेल्या पुतळ्यासारखा वाटतो. बघणाऱ्याला तो रिकामटेकडा श्रीमंत वाटतो. तो सांगतो की जुन्या झग्याचा तो धनी होता आणि नव्याचा गुलाम झाला आहे.

इथवरचा भाग पश्चात्तापाचा. पुढे जे येतं ते मला अधिक मोलाचं वाटतं, कारण तिथे त्याच्यातला कोशकार जागा होतो. एका वस्तूमुळे खोली कशी बदलत गेली, याची तो एकेक नोंद करतो. पूर्वी सगळं एकमेकांना साजेसं होतं. वेताची खुर्ची, लाकडी मेज, भिंतीवर स्वस्त विणीचं कापड, त्यावर कोपऱ्यांत खिळे मारून लावलेली बिनचौकटीची छापील चित्रं, आणि पुस्तकांच्या भाराने वाकलेली फळी. लाल झग्यापुढे ही प्रत्येक वस्तू केविलवाणी दिसू लागली. मग भिंतीवर दमास्कचं उंची कापड आलं. वेताच्या खुर्चीची बाहेरच्या खोलीत पाठवणी झाली आणि तिच्या जागी उंची चामड्याची खुर्ची आली. होमर, व्हर्जिल, होरेस आणि सिसेरो वाकलेल्या फळीवरून उतरून नक्षीच्या कपाटात बंद झाले. जुनं मेज काही दिवस टिकलं, कारण त्यावर कागद आणि चोपड्यांचा ढीग होता. एक दिवस तो ढीग आवरला गेला आणि मेजाचं संरक्षण संपलं. त्याच्या जागी महागडं लिहिण्याचं टेबल आलं. खिडकीजवळचा कोपरा रिकामा दिसला, तिथे कपाटाचं मेज ठेवलं. त्याच्या वर भिंत ओकीबोकी वाटली, तिथे चित्र टांगलं. शेकोटीच्या वर मोठा आरसा आला, शिवाय सोनं आणि काशाचं काम केलेलं घड्याळ.

मेजावरच्या त्या ढिगाचा तपशील मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. मेज वाचलं होतं ते त्यावर काम चालू होतं म्हणून. पसारा हा त्याचा पहारेकरी होता. नीटनेटकेपणा शिरला आणि मेज गेलं.

या साखळीला पुढे नावही मिळालं. मानववंशशास्त्रज्ञ ग्रँट मॅक्रॅकन यांनी १९८८च्या आपल्या पुस्तकात तिला ‘दिदरो परिणाम’ म्हटलं. आपल्या ताब्यातल्या वस्तू एकमेकींशी मेळ राखून असतात, आणि त्या मेळात वरच्या पट्टीची एक वस्तू घुसली की बाकीच्यांना तिच्या पट्टीपर्यंत चढावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. नवा सोफा आला की पडदे जुने दिसतात, पडदे बदलले की भिंतीचा रंग उतरलेला दिसतो, हे कोणत्याही सोसायटीतल्या कुटुंबाला ठाऊक आहे. म्हणून महागड्या रोजच्या वस्तूचा हिशोब तिच्या एकटीच्या किमतीवर कधीच थांबत नाही.

आता थोडं मनाकडे वळू. इतकी टोचणी असेल तर माणसं ती उघड का बोलत नाहीत? उलट, महागडी वस्तू घेतलेला माणूस तिचं गुणगान करताना का भेटतो?

यावरचा एक जुना प्रयोग घरगुती वस्तूंचाच आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने तो केला आणि १९५६ साली प्रसिद्ध केला. २२५ विद्यार्थिनींना आठ वस्तू दाखवल्या गेल्या. त्यांत टोस्टर होता, कॉफीचं यंत्र, सँडविच भाजण्याचा तवा, टेबलावरचा दिवा, रेडिओ अशा चिजा होत्या. आधी प्रत्येकीने या वस्तू किती हव्याशा वाटतात ते गुण देऊन सांगितलं. मग त्यांतल्या दोन वस्तू पुढे ठेवून एक निवडायला सांगितली, ती भेट मिळणार म्हणून. निवड झाल्यावर थोड्या वेळाने पुन्हा गुण द्यायला लावले. निवडलेली वस्तू आता आधीपेक्षा चांगली वाटू लागली होती आणि सोडलेली आधीपेक्षा कमी चांगली. दोन्ही वस्तू सुरुवातीला तुल्यबळ असल्या तर हा फरक जास्त पडला. ज्यांना निवड न करताच वस्तू मिळाली, त्यांच्या मतात असा बदल दिसला नाही.

याचा अर्थ असा की निवड करून झाल्यावर मन लगेच त्या निवडीची बाजू मांडायला लागतं. किंमत जितकी मोठी, तितकी बाजू जोरात मांडावी लागते. मग शेजारी विचारतात आणि आपण सांगतो, ‘थोडं महाग आहे, पण बघा ना काय फिनिशिंग आहे.’ हे खोटं बोलणं नसतं. त्या क्षणी तसं खरोखर वाटत असतं. म्हणूनच नातेवाइकांच्या शिफारशीवर घेतलेली महागडी यंत्रं बरेचदा फसतात. शिफारस करणारा वस्तूविषयी बोलतो आहे असं आपल्याला वाटतं, आणि तो आपल्या निर्णयाची पाठराखण करत असतो.

निर्णयाआधीही एक गंमत घडते, ती दुकानात. विल्यम्स-सोनोमा या अमेरिकन दुकानसाखळीने घरी पाव भाजण्याचं यंत्र २७५ डॉलरना विकायला ठेवलं. फारसा उठाव नव्हता. मग त्याच धर्तीचं, आकाराने मोठं आणि दीडपटीहून महाग असं दुसरं यंत्र शेजारी मांडलं. ते जवळपास कुणी घेतलं नाही, पण पहिल्याचा खप जवळजवळ दुप्पट झाला. इतामार सायमनसन या विपणनाच्या अभ्यासकाने हे उदाहरण दिलं आणि ते पुढे वर्गावर्गांत शिकवलं गेलं. २७५ डॉलरची वस्तू एकटी असताना उधळपट्टी वाटत होती. दुसरी शेजारी आल्यावर तीच काटकसर वाटू लागली. रोज पाव भाजायचा आहे का, हा मूळ प्रश्न दोन यंत्रांची तुलना करताना बाजूलाच राहिला. घरी आल्यावर शेजारचं महाग यंत्र दिसत नाही आणि प्रश्न पुन्हा समोर येतो. पश्चात्तापाला एवढी फट पुरते.

मग सुरू होतो वसुलीचा काळ. पैसे घातलेत ना, मग वापरा. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात एक साधी चाचणी घेतली आणि १९८५ साली ती प्रसिद्ध केली. हंगामाचं तिकीट घ्यायला आलेल्या काहींना पूर्ण १५ डॉलरना तिकीट दिलं, काहींना १३ डॉलरना, काहींना ८ डॉलरना. कुणाला सवलत मिळणार हे निव्वळ योगायोगावर सोडलं होतं. हंगामाच्या पहिल्या निम्म्यात पूर्ण पैसे भरलेले लोक अधिक नाटकांना आले, सरासरी चारांहून जरा जास्त. सवलतवाले सव्वातीनच्या आसपास. दुसऱ्या निम्म्यात हा फरक पुसला गेला. म्हणजे दिलेल्या पैशांचा चटका काही महिने माणसाला ओढत नेतो, आणि मग थंडावतो.

व्यायामाची सायकल, भाज्यांच्या शेवया काढण्याचं यंत्र, तेलाशिवाय तळणारा डबा, यांची घरातली वाटचाल आठवून बघा. पहिला महिना रोज. दुसऱ्या महिन्यात रविवारी. मग ‘धुवायला फार कटकट आहे’. मग मूळ खोक्यात, मूळ थर्माकोलसकट, माळ्यावर.

आणि माळ्यावरून ते खाली का येत नाही, याचं उत्तर रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने दिलं आहे. २०१७चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या थेलरने पायाला चावणाऱ्या महागड्या जोड्याचं उदाहरण घेतलं. जोडा जितका महाग, तितक्या जास्त वेळा माणूस तो घालून बघणार. शेवटी घालणं सोडणार, पण टाकून देणार नाही; आणि जितका महाग, तितका तो कपाटात जास्त दिवस पडून राहणार. मनात प्रत्येक खरेदीचं एक खातं उघडलेलं असतं. वस्तू देऊन टाकली तर ते खातं तोट्यात बंद करावं लागतं. माळ्यावर ठेवली की खातं चालू राहतं, कधीतरी उपयोगी पडेल या आशेवर. महाराष्ट्रातल्या फ्लॅटमधले माळे अशा उघड्या खात्यांनी भरलेले आहेत.

त्यांतलं एक खातं आपल्याकडे विशेष ओळखीचं आहे. १९८०च्या दशकापासून शहरांमधल्या मध्यमवर्गीय घरांत दारोदार प्रात्यक्षिक दाखवून व्हॅक्युम क्लीनर विकले गेले. टाय लावलेला तरुण विक्रेता गादीवर नळी फिरवून पांढऱ्या कापडावर निघालेली धूळ दाखवी, आणि घरातली बाई खजील होई. रक्कम हप्त्यांनी द्यायची असली तरी त्या काळच्या पगाराला ती मोठीच होती. पुढे यातली बरीच यंत्रं वर्षानुवर्षं पलंगाखाली राहिली. यंत्राचा दोष नव्हता. हे यंत्र जन्मलंच गालिचासाठी. १९०१ साली ह्युबर्ट सेसिल बूथ याने लंडनमध्ये धूळ शोषणारं यंत्र बनवलं, आणि त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक वेस्टमिन्स्टर ॲबीमधले गालिचे झाडण्याचं होतं, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी. भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड गालिचा असलेल्या घरात केरसुणी खरंच हतबल होते. आपल्याकडे शहाबादी किंवा मोझॅकची फरशी, वर रोज केर आणि रोज पाण्याने लादी पुसणं. तिथे यंत्र काढा, नळ्या जोडा, वायर सोडा, पिशवी रिकामी करा, एवढ्या वेळात झाडू अंगणापर्यंत जाऊन आलेला असतो. ज्या कामासाठी घेतलं ते काम घरात आधीच होत होतं, तेही विनासायास. जुसेरोच्या पिशवीच्या बाबतीत जे हातांनी सिद्ध केलं, ते इथे केरसुणीने केलं.

आधीच्या पिढ्या मोठ्या रकमेची भांडी घेत नव्हत्या असं मात्र नाही. तांब्याचा बंब, पितळेचं घंगाळ, हंडा, कळशी ही काही स्वस्त खरेदी नव्हती. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशव्यांच्या काळापासून तांबट समाज हातोड्याने ठोके घालून ही भांडी घडवत आला आहे. तिथून घेतलेल्या बंबाबद्दल हळहळणारं घर शोधावं लागेल. त्याचं एक कारण निव्वळ व्यवहाराचं आहे. तांब्या-पितळेचं भांडं वजनावर मिळे आणि मोडीतही वजनावरच जाई. घडणावळ आणि घट वजा करून बाकीची रक्कम परत येई. भांडं फुटलं, चेपलं, तरी धातू शिल्लक राही. नको असलेल्या भांड्याचं खातं बंद करायला भांडीबाजारात एक फेरी पुरे. स्टीलची लाट आल्यावर कितीतरी घरांनी असंच पितळ मोडून स्टील घेतलं. हल्लीच्या यंत्रांना मोड नाही. पंधरा हजारांचं यंत्र दोन वर्षांनी भंगारवाला प्लॅस्टिकच्या भावाने मागतो, आणि तो भाव ऐकण्यापेक्षा माळा बरा वाटतो.

दुसरं कारण वापरण्यातलं. बंब रोज पेटे. त्याच्यावर काजळी धरे, चिंच लावून तो घासला जाई, पुन्हा काळा होई. पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई लावावी लागे, आणि कल्हईवाला दारावर येई. या वस्तूंना निगा लागे, पण जपणूक लागत नसे. निगा म्हणजे वापरल्यानंतरचं काम. जपणूक म्हणजे वापर टाळणं. महागड्या काचेच्या डिनर सेटला नेमकी जपणूक लागते. शोकेसच्या दाराला किल्ली, ताटल्यांच्या मध्ये वर्तमानपत्राचे तुकडे, आणि पाहुणे आले तरी ‘असू दे, स्टीलचीच काढ, एखादी फुटली तर सेट मोडेल’. टीव्हीच्या रिमोटवर चढवलेलं प्लॅस्टिक याच जातीचं. महिन्याभरात ते इतकं पिवळं आणि चिकट होतं की आकडे दिसत नाहीत, आणि आतला रिमोट मात्र कोरा करकरीत. त्या कोऱ्या रिमोटला घरातल्या कुणाचंही बोट कधी लागलेलं नसतं.

पश्चात्तापाला आधीच वाट करून देण्याचा प्रयत्न काही देशांनी केला आहे, आणि मला तो शहाणपणाचा वाटतो. अमेरिकेत १९७४पासून असा नियम आहे की घरी येऊन विक्रेत्याने केलेला सौदा ग्राहक तीन कामकाजी दिवसांत कारण न देता रद्द करू शकतो. युरोपीय संघात ऑनलाइन किंवा फोनवरून घेतलेल्या बहुतेक वस्तूंसाठी ही मुदत चौदा दिवसांची आहे, आणि तिथेही कारण सांगावं लागत नाही. कारण न विचारणं हेच त्यातलं मर्म. वस्तू सदोष आहे हे सिद्ध करायला लावलं असतं तर ज्याला फक्त चुटपुट आहे तो गप्प बसला असता. आपल्याकडे मन बदललं म्हणून माल परत करायचा तर दुकानाच्या किंवा संकेतस्थळाच्या स्वतःच्या धोरणावर अवलंबून राहावं लागतं. दारावर आणि फोनवर होणाऱ्या विक्रीसाठी तरी चौदा दिवसांची अशी सरसकट मुदत इथे यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. मोठ्या वयाची माणसं या विक्रीला सर्वांत आधी बळी पडतात, आणि आपण फसलो हे मुलांना सांगायची त्यांना सर्वांत जास्त लाज वाटते.

मुदत टळून गेली असेल, वस्तू माळ्यावर असेल, तर? दिदरोकडेच एक धागा सापडतो. आपल्या नव्या खोलीतल्या सगळ्या चिजा काढून न्यायला त्याची ना नव्हती. एक गोष्ट मात्र त्याला राहू द्यायची होती, ती म्हणजे जोसेफ व्हर्ने या चित्रकाराचं वादळाचं चित्र. त्या चित्राला शाई पुसायची नव्हती, धूळ झाडायची नव्हती. बघण्यापलीकडे त्याचं काही काम नव्हतं, आणि ते काम दिदरो रोज करत होता. म्हणजे निवाडा किमतीवर झाला नाही. ज्या वस्तूकडून जे काम घ्यायचं ते मोकळेपणाने घेता येतं का, यावर झाला.

याच कसोटीने माळ्यावरच्या खोक्याकडे बघता येतं. त्या यंत्राला तुमच्या घरी जी किंमत चिकटली आहे, ती दुसऱ्याच्या घरी चिकटलेली नसते. धाकट्या भावाची बायको ते घेऊन जाते, किंवा सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला फोटो बघून एखादं नवं जोडपं दोन हजारांना उचलतं. त्यांच्या ओट्यावर ते दुसऱ्याच दिवसापासून कामाला लागतं. हळदीच्या हाताने बटण दाबलं जातं. झाकणाची कड तुटते तेव्हा रबर लावून काम भागवतात, आणि इडलीचं पीठ शनिवारी रात्री त्यातच वाटलं जातं.